तीनशे जणांनी घेतलेलं नाव

९ सप्टेंबर, मंगळवार

माझा फोटो कॉलेजच्या गेटवर! दहा फुटी फ्लेक्स. पीएच.डी. मिळाली त्या दिवशीचा जुना फोटो कुठून शोधून काढला कोण जाणे. काळा गाऊन, तोंडावर चिकटवल्यासारखं हसू. खाली कन्नड आणि इंग्रजीत : डॉ. उज्ज्वला मुतगेकर, जीवरसायनशास्त्र. कॉलेजचा सर्वाधिक उल्लेख झालेला शोधनिबंध. सायटेशन ३१२. मराठीत अक्षर नाही. ते आता मनाला लागतही नाही.

सभागृहात शाल, म्हैसुरी फेटा, फळांची करंडी. फेटा डोक्याला मोठा झाला, एका हातानं धरूनच भाषण ऐकलं. इनामदार सर शेवटी बोलले. आमचे विभागप्रमुख, माझे गाईड, मला या कॉलेजात आणणारे तेच. "ही माझी विद्यार्थिनी," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत खाली बसले. खोटं नव्हतं ते. डिसेंबरात प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. माझं नाव सगळ्यांनी धरूनच चाललंय.

संध्याकाळी माहेरून, कंग्राळीहून आप्पांचा फोन.

"पेपरात आलंय म्हणं गं तुझं. तीनशे जणांनी नाव घेतलं?"

"नाव नव्हे आप्पा. त्यांनी आपापल्या निबंधात माझ्या निबंधाचा उल्लेख केला."

"तेच की. नाव घेतलं. आन् एवढ्यांनी घेतलं म्हंजे चांगलंच घेतलं असणार."

मी व्हय म्हटलं. लई खूश होते.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रॅक्टिकल चालू असताना फोन. अनोळखी नंबर.

"मॅडम, ओळखलासा काय? निपाणीची बाळाबाई. वखारीतली. तुमी आमच्या गालाचं खरडून न्हेलतासा बघा."

ओळखलं की! निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आम्ही अभ्यासाला गेलो तेव्हा सगळ्या बायका लांब उभ्या होत्या. बाळाबाई पहिल्या पुढं आल्या, तोंड उघडून बसल्या आणि नंतर मागं वळून ओरडल्या, "मेले काय मी? या की गं!" त्या दिवशी त्या नसत्या तर आम्ही रिकाम्या हातानं परत आलो असतो.

आता वखारीतल्या काही बायकांनी कामगार खात्याकडं अर्ज केलाय. उभा जन्म तंबाखूच्या धुळीत गेला, तोंडाचं आणि छातीचं दुखणं लागलं, ते कामामुळं झालंय असं मान्य करा, उपचार मालकाकडून मिळवून द्या — असा अर्ज. सुनावणी सुरू आहे. मालकाच्या वकिलानं त्यात एक इंग्रजी निबंध दाखल केलाय.

"त्यात तुमचं नाव हाय म्हणं, मॅडम. आमास्नी काय बी झाल्यालं न्हाय असं तुमी लिवलाय म्हणं."

"मी असं लिहिलेलं नाही," म्हटलं. चटकन म्हटलं. फोन ठेवला आणि प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडून बाहेर आले.

कारण तसं छापलेलं आहे. माझ्या नावावर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

निबंध काढून परत वाचला. किती वर्षांनी!

आत, पाचव्या पानावर, सगळं बरोबर आहे. वखारीत पाच वर्षांहून जास्त काम केलेल्या बायकांच्या गालाच्या पेशींत बिघाड — बाहेरच्या बायकांच्या दुपटीहून जास्त. नव्यानं कामाला लागलेल्या बायकांत मात्र फरक आढळला नाही. मी लिहिलेल्या सारांशात ही दोन्ही वाक्यं होती. छापलेल्या सारांशात एकच आहे : "तंबाखू वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही." जुन्या बायकांचं वाक्य गेलं. दुसऱ्यातला 'नव्यानं' गेला.

छपाईपूर्वीची प्रत आली तेव्हा मी बाळंतपणात होते. सिझेरियन, वर ताप, आरोही काचेच्या पेटीत. जर्नलला सारांश लहान करून हवा होता. सरांनी केला. घाईघाईत केला, त्यांना त्या वर्षीच्या अहवालात तो निबंध दाखवायचा होता. छापून आल्यावर मी बाळाला आईकडं देऊन त्यांच्याकडं गेले होते. म्हणाले, "अगं, आत सगळं आहे ना! नुसत्या सारांशावर कोण जातं?"

सगळे सारांशावरच जातात. सारांश फुकट असतो. आत जायला पैसे पडतात.

१४ सप्टेंबर, रविवार

निपाणीला जाऊन आले. विक्रमला सांगितलं, मैत्रिणीकडं जाते. नवऱ्याशी खोटं बोलायला सुरुवात!

संकेश्वरपर्यंत बसमध्ये उभी. बाळाबाईंचं घर वखारीच्या मागच्या गल्लीत. दारातच वास. तंबाखूचा, मातीचा, ओल्या गोणपाटाचा. भिंतीलासुद्धा तो वास मुरलाय. सात-आठ बायका आधीच येऊन बसलेल्या. एक तरुण बाई होती, तिनं मला बघून विचारलं, "ह्याच व्हय त्या?" आणि पाठ करून बसली.

बाळाबाईंनी खिडकीकडं तोंड करून गाल ओढून दाखवला. आत पांढरा चट्टा, कडा खरबरीत. मला काय ते कळलं. त्यांना दवाखान्यात काय सांगितलंय ते विचारलं. "तुकडा काढून बघूया म्हणत्यात. मी म्हटलं, लई काढून न्हेल्यात माजं, आता ऱ्हाऊ दे." हसल्या. हसता हसता खोकला लागला तो थांबेना.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भडंग पुढं केलं, चहा केला. म्हणाल्या, "कुणीतरी दाब देऊन लिवून घेतलं असणार. आमास्नी कळतंय की ओ मॅडम."

मी म्हटलं, दाब नाही कुणी दिला. दोन वाक्यांचं एक केलं.

"मंजी?"

सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून. सगळ्या ऐकत होत्या. पाठ केलेली बाईसुद्धा वळली.

"तुमी एवढंच करा," बाळाबाई म्हणाल्या, "सायबापुढं येऊन सांगा, हे असं न्हाय, तसं हाय म्हणून. तुमचं नाव हाय तर तुमचं ऐकतील न्हवं?"

मी म्हटलं, "बघते."

बघते! हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरते, काम करायचं नसलं की.

१७ सप्टेंबर, बुधवार

सरांशी बोलले. केबिनचं दार लावून.

"सर, जर्नलला एक दुरुस्ती पाठवूया. एका वाक्याची."

आधी त्यांना कळेचना कशाबद्दल बोलतेय. कळलं तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आत्ता? नोव्हेंबरात मानांकन समिती यायची आहे तपासणीला. अहवालात पहिल्या पानावर हा पेपर आहे, उज्ज्वला."

"बायकांच्या विरुद्ध वापरताहेत तो, सर."

"आपण कुणाविरुद्ध लिहिलं नाही. आपण शास्त्र लिहिलं." मग हळू आवाजात, "तीनशे लोकांनी तो पेपर कशासाठी घेतला असं तुला वाटतं? फरक नाही म्हणून घेतला. फरक आहे, असं म्हणणारे शेकड्यानं पेपर आहेत. ते कोण वाचतं? उद्या दुरुस्ती केलीस तर तोच पेपर तुझ्या गळ्यात पडेल. तुझ्या आणि माझ्या. निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिलीत गं."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "आरोही कशी आहे?" मनापासून विचारलं. त्याचाच त्रास होतो. वाईट माणूस असता तर सोपं होतं.

१८ सप्टेंबर

काही केलं नाही. लॅबमध्ये बेंचपाशी बसून राहिले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गेले चार-पाच दिवस एकच उद्योग. ज्यांनी माझं नाव घेतलं ते एकेक निबंध उघडून वाचतेय. आजवर नुसता आकडा बघत होते. दर सोमवारी बघायचे, वाढलेला दिसला की बरं वाटायचं. कोण काय म्हणतंय ते कधी वाचलं नव्हतं.

"मुतगेकर व सहकाऱ्यांनी दाखवल्याप्रमाणे तंबाखूच्या धुळीचा पेशींवर परिणाम होत नाही." तुर्कस्तान. "मुतगेकर यांच्या भारतीय अभ्यासात फरक आढळला नाही." ब्राझील. पुढच्यानं मागच्याचं वाक्य उचललेलं, माझ्या स्पेलिंगमधल्या चुकीसकट. एक तर कुत्र्यांच्या हिरड्यांवरचा निबंध! त्यात मी कशाला गेले देव जाणे.

आणि एका देशाची कामगारांच्या सुरक्षेची मार्गदर्शिका. सरकारी. तंबाखू चाळणाऱ्यांना मास्क सक्तीचा करण्याइतका पुरावा दिसत नाही, असं वाक्य. शेवटी लहान आकडा. तळाला बघितलं. मीच.

त्या देशात मी कधी गेले नाही. तिथल्या बायका कशा दिसतात ठाऊक नाही. पण त्यांच्या तोंडावरचा फडका मी काढून घेतलाय!

एकीनं मात्र आतलं पान वाचून बरोबर लिहिलंय. लंकेतली कुणी. तिच्या निबंधाला सायटेशन दोन.

माझं आज ३१४.

२८ सप्टेंबर, रविवार

विक्रमला सगळं सांगितलं. तो पीयू कॉलेजात, अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो, शांतपणे ऐकून घेतो. म्हणाला, "डिसेंबरपर्यंत थांब. प्रोफेसर हो. मग बोल. लेक्चररचं कोण ऐकतंय? प्रोफेसरचं ऐकावं लागतं."

"तोवर सुनावणी संपेल."

"मग नोकरी घालवून बोललीस तर जिंकतील काय त्या?"

त्याचं म्हणणं बिनतोड आहे. सरांचंही बिनतोड होतं. सगळ्यांचं सगळं बरोबर, आणि मी मधे कोंडल्यासारखी. ज्या निबंधानं बढती मिळणार तोच खोडायचा, आणि खोडायला वजन पाहिजे म्हणून आधी त्याच निबंधावर बढती घ्यायची!

६ ऑक्टोबर, सोमवार

जर्नलला पत्र पाठवलं. एकटीनं. सरांना न सांगता. पाठवल्यावर उगाच कपाट आवरलं.

१५ ऑक्टोबर

उत्तर आलं. सभ्य, गोड. दुरुस्ती करता येईल. सर्व सहलेखकांची लेखी संमती आणि संस्थेकडून मूळ नोंदी लागतील.

सहलेखकांत एक सर. दुसरा कॅनडात, "यू डिसाइड मॅम" म्हणून मोकळा. नोंदी कॉलेजच्या ताब्यात. म्हणजे परत सर. जिथून निघाले तिथंच.

२२ ऑक्टोबर, पाडवा

कंग्राळीत. आप्पांनी पेपरातलं कात्रण फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. येणारा प्रत्येक पाहुणा आधी ते वाचतो, मग बसतो. भाऊबंद, सोसायटीचे चेअरमन, कोण कोण.

दुपारी गोठ्याकडं एकटे सापडले तेव्हा सांगितलं. ऐकताना म्हशीच्या पाठीवरचा हात थांबला.

"म्हंजे तीनशे जणं उलटंच सांगायल्यात?"

"बहुतेक सगळे."

"तुझं नाव घेऊन?"

"हो."

ते परत म्हशीची पाठ चोळू लागले. मला वाटलं, आता आप्पा काहीतरी बोलतील आणि मला वाट दिसेल. लहानपणी दिसायची तशी. ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नको गं. सगळ्या गावाला मी सांगून बसलोय." आणि वैरण टाकायला गेले.

आई गोठ्यामागं भांडी घासत ऐकत होती. तिला कधी कुणी काही विचारत नाही, तीही बोलत नाही. मी निघताना पिशवीत करंज्या भरता भरता म्हणाली, "त्या बायका तोंडाला काय लावत्यात? जेवाय येतंय काय त्यास्नी?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

शहरात दोन मिरवणुका, दोन घोषणा : कन्नड राज्योत्सवाची आणि मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची. आरोहीला दिवसभर घरात ठेवलं. "आपण कुठल्या बाजूचे?" विचारत होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

समिती आली. पाच जण. पडद्यावर माझा निबंध, खाली मोठा आकडा : ३२०. सरांनी मला उभं केलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "एवढा इम्पॅक्ट! या कामाचा समाजाला उपयोग काय झाला?"

हीच वेळ होती. सरळ विचारलं होतं तिनं. माझं तोंड उघडलं. सर माझ्याकडं बघत होते. हात जोडलेले नव्हते, पण बघणं तसंच होतं.

"कामगार महिलांच्या आरोग्याबद्दल जागृती," असं काहीतरी मी बोलले. थँक्यू म्हणून खाली बसले. टाळ्या.

घरी येऊन तोंड धुतलं. परत परत धुतलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मन आतून सडल्यासारखं झालंय. काल पुन्हा जर्नलला लिहिलं. या वेळी विनंती नव्हे, तक्रार. सारांश आणि आतला मजकूर यांत विसंगती आहे, पहिल्या लेखिकेला निष्कर्ष मान्य नाही, चौकशी करा. पत्राची प्रत सरांना आणि प्राचार्यांना.

आज भाग्यलक्ष्मी आली. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, अथणीकडची. मराठी बोलते, घाबरली की कन्नडवर जाते. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्याच निबंधावर उभं आहे.

"सर बोलावले होते. गाईड बदलून घे म्हणाले. एन माडोदु, मॅडम? काय करू मी?"

मी म्हटलं, बदलून घे. माझ्याबरोबर बुडू नको.

"तुमचं खरं आहे, मॅडम. मी आतलं पान वाचलंय. पण खरं तुमचं, आणि वर्षं माझी जाणार." रडली नाही. उभी राहून बोलली. मग दारातून वळून, "मी अजून अर्जावर सही नाही केली," म्हणून निघून गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

चिक्कोडीला कामगार खात्याच्या ऑफिसात साक्ष दिली.

विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर आल्यानं हायवेला जागोजाग पोलीस, बस रखडत गेली. बाळाबाई आणि त्यांच्या सोबतिणी पायऱ्यांवर बसल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या नेसून. मला बघितल्यावर सगळ्या उभ्या राहिल्या. उभ्या कशाला राहता, म्हणावंसं वाटलं.

मालकाचा वकील वयस्क, अदबीनं बोलणारा. मला ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं खुर्ची पुढं केली.

"मॅडम, हा निबंध आपलाच?"

"हो."

"पहिलं नाव आपलं?"

"हो. पण सारांशातलं वाक्य —"

"येतो त्याच्याकडं. या निबंधाचा उल्लेख जगभरातल्या तीनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी केला. बरोबर? आपल्या कॉलेजनं त्याबद्दल आपला सत्कार केला. शाल घेतली आपण?"

"घेतली."

"गेल्या महिन्यात समितीपुढं आपण या निबंधाबद्दल बोललात. तेव्हा चूक आहे असं सांगितलंत?"

त्याला कुणी सांगितलं? कोण होतं त्या खोलीत? मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे सत्काराला बरोबर, समितीला बरोबर, आणि इथं आल्यावर चूक. तीनशे शास्त्रज्ञांचं आम्ही ऐकायचं की आपलं, मॅडम? आणि आपलं म्हणजे कुठल्या दिवशीचं?"

मी म्हटलं, पाचवं पान वाचा. अधिकाऱ्याकडं बघून म्हटलं. मराठीत म्हटलं, कन्नडमध्ये म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. पाचवं पान वाचा. आवाज चढला माझा. अधिकारी बरा माणूस, पानं उलटून बघितलीसुद्धा. पण म्हणाला, यातलं मला समजत नाही, जर्नलचं पत्र आणा, मग बघू.

बाहेर आल्यावर बाळाबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. मी रडतेय हे मला तेव्हा कळलं. "बोललासा की ओ," म्हणाल्या. "ह्या आधी कुणी बोललं न्हवतं."

१० डिसेंबर

मुलाखत 'तांत्रिक कारणास्तव' पुढं. फक्त माझी.

१८ डिसेंबर, गुरुवार

कॉलेजनं जर्नलला कळवलं : विभागाच्या स्थलांतरात मूळ नोंदी गहाळ झाल्या आहेत, उपलब्ध नाहीत.

स्थलांतर म्हणजे आम्ही दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेलो होतो!

सर व्हरांड्यात भेटले. थकलेले दिसले. "सही माझी आहे त्यावर," म्हणाले. "मला फोन करू नकोस आता." मी पाया पडायला वाकले की काय कोण जाणे, सवयीनं. ते बाजूला झाले.

१९ जानेवारी, सोमवार

जर्नलचा निर्णय. लेखकांमध्ये मतभेद, मूळ नोंदी उपलब्ध नाहीत, त्यामुळं निष्कर्षांची खात्री देता येत नाही. निबंध मागं घेण्यात येत आहे.

अख्खा! मी एक वाक्य दुरुस्त करा म्हटलं होतं. त्यांनी निबंधच काढला. प्रत्येक पानावर आडव्या लाल अक्षरांत 'मागे घेतला'. पाचव्या पानावरसुद्धा. बाळाबाईंच्या पेशींच्या फोटोवरून ती लाल अक्षरं गेलीयत.

गेटवरचा फ्लेक्स दुपारपर्यंत उतरला. विक्रम म्हणाला, चल, जेवायला बाहेर जाऊ. गेलो. आरोही म्हणाली, "आई, तू हरलीस?"

२६ जानेवारी

सुट्टी. आकडा बघू नये म्हणून ठरवलं होतं, बघितला. मागं घेतल्यावरही दोघांनी नव्यानं उल्लेख केलाय. ३२६. कुणी निबंध उघडतच नाही तर लाल अक्षरं दिसणार कुठून?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चिक्कोडी. मी जर्नलचं पत्र घेऊन गेले होते. वाटलं होतं, आता तरी तो कागद त्यांच्या हातातून निघाला.

मालकाच्या वकिलानं माझ्याआधीच ते पत्र पुढं केलं. त्याच्याकडं होतंच. म्हणाला, "आम्ही हा निबंध आनंदानं मागं घेतो. पण मग अर्जदारांकडं काय उरलं, साहेब? या भागातल्या वखारीतल्या बायकांवर एकच अभ्यास झाला होता. त्याच्या लेखिकेनंच तो रद्द करून घेतला. आता या वखारींतल्या कामामुळं आजार होतो म्हणायला एका ओळीचा पुरावा नाही."

बायकांच्या युनियनचा वकील तरुण, तो माझ्याकडं बघत राहिला. मी भिंतीकडं.

पुराव्याअभावी अर्ज निकाली.

आधी निबंध त्यांच्या विरुद्ध होता. आता निबंधच नाही. दोन्ही माझ्याच नावानं झालं. गप्प राहिले तेव्हाही, बोलले तेव्हाही.

स्टँडवर बाळाबाई माझ्याजवळ थांबल्या नाहीत. निपाणीची गाडी लागली होती, चढून गेल्या.

७ फेब्रुवारी

जेवण नको वाटतंय.

१२ फेब्रुवारी

भाग्यलक्ष्मीनं अजूनही सही केलेली नाही. मी कारण विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दारावरची बेल. बाळाबाई! पत्ता विचारत विचारत टिळकवाडीत, आमच्या घरी. घाम पुसत सोफ्याच्या कडेला बसल्या. पाणी प्यायल्या. "वकील म्हणतोय, नवा अभ्यास आला तर अर्ज परत घालाय येतोय."

मी म्हटलं, कॉलेज परवानगी देणार नाही. बाहेरून मिळवावी लागेल. एक-दोन वर्षं जातील. आणि माझ्या नावाला आता किंमत नाही, कुणी वाचणारसुद्धा नाही.

"जाऊ देत की वर्सं. गाल खरडा, रगात घ्या, काय पायजे ते न्ह्या. आमी समद्याजणींनी ठरवलंय." मग बोट माझ्याकडं करून, "पर ह्या बारीला छापायच्या आदी आमास्नी वाचून दाखवायचं. मराठीतनं. समदं. आमी व्हय म्हटलं तरच छापायचं."

मी म्हटलं, "व्हय."